कायदा असूनही खोट्या लेबलांची औषधं आणखी तीस वर्षं कशी विकली गेली?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत १९०६ साली अन्न आणि औषधांचा कायदा झाला, तरी कर्करोग, क्षय, मधुमेह बरा करण्याची हमी देणाऱ्या बाटल्या १९३०च्या दशकातही दुकानांत होत्या. सरकार कारवाई करत नव्हतं का, की करूनही उपयोग होत नव्हता?

सरकार कारवाई करत होतं, आणि भरपूर करत होतं. माल जप्त होत होता, खटले भरले जात होते, प्रत्येक निकालाची छापील नोंद निघत होती. अडचण वेगळीच होती. कोर्टात नेमकं काय सिद्ध करायचं आणि ते कोणी करायचं, हे कायद्याने ज्या पद्धतीने ठरवलं होतं त्यात सगळं अडकलं. माझी उमेदीची वर्षं औषधांच्या तपासणी प्रयोगशाळेत आणि पुढे लेबलं तपासण्यात गेली, त्यामुळे हा इतिहास मी नेहमी तपासणाऱ्याच्या टेबलावरूनच वाचतो. बाटलीत काय आहे हे प्रयोगशाळा सांगू शकते. बाटली विकणाऱ्याच्या मनात काय आहे हे ती सांगू शकत नाही. अमेरिकन सरकारला मात्र तब्बल २६ वर्षं हे दुसरं सिद्ध करावं लागत होतं.

आधी १९०६ पूर्वीची स्थिती पाहू. पेटंट औषधं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक मालाचं पेटंट कधी घेतलेलंच नसे, कारण पेटंट घ्यायचं तर घटक जाहीर करावे लागतात आणि हा सगळा धंदाच घटक लपवण्यावर चालायचा. नोंदणी व्हायची ती नावाची आणि चिन्हाची. ओहायोतल्या कोलंबसहून निघणाऱ्या 'पेरुना' या टॉनिकमध्ये सुमारे २८ टक्के अल्कोहोल होतं. त्यावर पहिला बडगा उगारला तो आरोग्यवाल्यांनी नव्हे, तर महसूलवाल्यांनी. १९०५ मध्ये त्यांनी उत्पादकाला बजावलं, की यात औषध म्हणता येईल इतकं काही घाला, नाहीतर हे दारू म्हणूनच धरलं जाईल आणि विकणाऱ्याला दारूविक्रीचा परवाना काढावा लागेल. त्याच वर्षी मूळ अमेरिकन लोकांच्या राखीव वसाहतींमध्येही त्याच्या विक्रीवर बंदी आली.

वर्तमानपत्रं गप्प का होती, हेही विचारात घ्यायला हवं. त्यांच्या उत्पन्नात या जाहिरातींचा वाटा मोठा होता. टोलीडोचे एक बडे उत्पादक फ्रँक चेनी यांनी जाहिरातीच्या करारात एक कलम घालायची युक्ती काढली. राज्यात औषधविक्रीला अडचणीचा कायदा झाला तर करार आपोआप रद्द, असं ते कलम. म्हणजे विधेयकाला विरोध करण्याचं काम संपादकाच्या खिशानेच करायचं. ही करारपत्रं बाहेर आली आणि १९०५ च्या ऑक्टोबरपासून सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी 'कॉलियर्स' साप्ताहिकात नावानिशी लेखमाला चालवली, तेव्हा हवा फिरली. 'लेडीज होम जर्नल'ने तर लिडिया पिंकहॅम यांच्या थडग्याचा फोटोच छापला. बायकांनी आपली दुखणी पिंकहॅमबाईंना पत्राने कळवावीत, त्या सल्ला देतील, अशा जाहिराती तेव्हा जोरात चालू होत्या, आणि बाई तर १८८३ मध्येच वारल्या होत्या.

थिओडोर रूझवेल्ट यांनी ३० जून १९०६ रोजी कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९०७ पासून तो लागू झाला. कृषी खात्याच्या रसायन विभागाकडे अंमलबजावणी आली. विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला होता. त्यांचं लक्ष जास्त करून अन्नातल्या भेसळीकडे होतं. औषधांची प्रयोगशाळा लायमन केबलर सांभाळत.

या कायद्याने कोणत्याही औषधावर बंदी घातली नाही, हे ध्यानात ठेवा. संपूर्ण घटक छापण्याचीही सक्ती नव्हती. अल्कोहोल, मॉर्फीन, अफू, कोकेन, हेरॉइन, अल्फा व बीटा युकेन, क्लोरोफॉर्म, गांजा, क्लोरल हायड्रेट आणि ॲसिटॅनिलाइड या ११ पदार्थांपैकी काही असेल तर त्याचं प्रमाण लेबलवर हवं, आणि लेबलवर जे छापलं आहे ते खोटं किंवा दिशाभूल करणारं नको, एवढंच. पण एवढ्यानेही मोठा फरक पडला, हे मी आवर्जून सांगेन. तान्ह्या मुलांना गप्प झोपवणाऱ्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'च्या बाटलीवर मॉर्फीनचा उल्लेख करावा लागला, तेव्हा आपण बाळाला काय पाजतोय हे आईला पहिल्यांदा वाचता आलं. हा कायदा फसला असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ विसरू नये.

आता कारवाई कशी चाले ते पाहू. निरीक्षक बाजारातून नमुना विकत घेई. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असला पाहिजे, कारण केंद्राचा अधिकार तिथेच लागू पडतो. म्हणून दुकानदाराची बिलं आणि रेल्वेच्या पावत्या हा पुराव्याचा पहिला भाग. मग पृथक्करण. दोष आढळला तर उत्पादकाला नोटीस आणि सुनावणी. त्यानंतर दोन रस्ते होते. एक फौजदारी खटल्याचा, ज्यात आंतरराज्य मालाच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त २०० डॉलर दंड. दुसरा जप्तीचा, आणि तो खटला माणसावर नव्हे तर मालावर चाले. म्हणून त्या काळच्या निकालांची नावं 'अमेरिकेचं सरकार विरुद्ध अमुक बाटल्या' किंवा 'तमुक खोकी' अशी दिसतात. मालाचा मालक पुढे आलाच नाही तर माल नष्ट. तो आला, खर्च भरला आणि कायद्याविरुद्ध विकणार नाही असं हमीपत्र दिलं, तर माल परत. बरेच उत्पादक नवी लेबलं चिकटवून तोच माल पुन्हा बाजारात आणत.

पहिला गाजलेला खटला १९०८ सालचा, खुद्द वॉशिंग्टनमधला. रॉबर्ट हार्पर यांच्या डोकेदुखीच्या औषधाचं नाव होतं 'क्युफॉरहेडेक ब्रेनफूड'. मेंदूचा आहार असं नाव, आणि आत ॲसिटॅनिलाइड, जे हृदयावर परिणाम करणारं आणि जास्त घेतल्यास जीवघेणं औषध. ज्युरीने दोषी ठरवलं. दंड ७०० डॉलर. हार्पर यांना तुरुंगात पाठवून उदाहरण घालून द्यावं, असं राष्ट्राध्यक्षांचं मत होतं. तसं झालं नाही. तरी सरकारला हुरूप आला, कारण नावातल्या खोटेपणालाही कायदा लागू होतो हे इथे दिसलं.

मग १९११ उजाडलं. कॅन्सस सिटीच्या एका जॉन्सन नावाच्या डॉक्टरचं कर्करोगावरचं 'सौम्य संयुक्त उपचार' असं काहीसं नाव असलेलं औषध. लेबलवर कर्करोग बरा होतो असा दावा. तो खोटा आहे आणि ते उत्पादकाला माहीत आहे, असा सरकारचा आरोप. सर्वोच्च न्यायालयाने आरोप खरा की खोटा हे पाहण्याआधीच प्रकरण निकाली काढलं. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की कायद्यातलं 'खोटं लेबल' म्हणजे वस्तूच्या ओळखीबद्दलचं खोटं: ती काय आहे, किती शुद्ध आहे, किती तीव्र आहे. औषधाने गुण येतो की नाही हा मतांचा प्रांत, आणि संसदेला त्यात शिरायचं असावं असं त्यांना दिसलं नाही. ह्यूज यांनी विरोधी निकाल लिहिला. कसलाही गुण नसलेल्या गोष्टीला औषध म्हणणं हे मत नसून वस्तुस्थितीबद्दलचं असत्यच आहे, असा त्यांचा रोख होता. मला विचाराल तर ह्यूज यांचंच बरोबर होतं. पण न्यायालयाचा कल अनपेक्षित नव्हता. १९०२ मध्ये टपाल खात्याने चुंबकीय उपचार करणाऱ्या एका संस्थेची पत्रं अडवली, तेव्हाही 'वैद्यकीय मताला फसवणूक म्हणता येत नाही' हेच उत्तर मिळालं होतं.

अध्यक्ष टाफ्ट यांनी महिन्याभरातच संसदेकडे दुरुस्ती मागितली. ऑगस्ट १९१२ मध्ये केंटकीचे स्वॅगर शर्ली यांनी आणलेली दुरुस्ती मंजूर झाली आणि गुणाचे दावे कायद्याच्या कक्षेत आले. पण एका अटीवर. दावा खोटा असणं पुरेसं नाही, तो फसवण्याच्या हेतूने केलेला असला पाहिजे, आणि तो हेतू सरकारने सिद्ध करायचा. इतिहास लिहिणारे जॉन्सन निकालाला जास्त दोष देतात. माझ्या मते खरं नुकसान या अटीने केलं, कारण निकालाचा परिणाम सव्वा वर्ष टिकला आणि ही अट १९३८ पर्यंत.

ही दुरुस्ती घटनाबाह्य आहे म्हणून 'एकमन्स आल्टरेटिव्ह' या क्षयावरच्या औषधाची सात खोकी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९१६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली, आणि निकाल लिहिला तो ह्यूज यांनीच.

शर्ली दुरुस्तीखाली काय साधत होतं आणि काय नाही, हे दोन प्रकरणांतून चांगलं कळतं.

पहिलं, क्लार्क स्टॅन्ली यांचं सापाच्या तेलाचं मालिश. माल ऱ्होड आयलंडमधून बाहेर गेला, नमुना तपासला गेला. निघालं ते असं: हलकं खनिज तेल, त्यात सुमारे एक टक्का चरबीयुक्त तेल, बहुधा गोवंशाच्या चरबीचं, मिरचीचा अर्क, आणि कदाचित कापूर-टर्पेंटाइनचा मागमूस. माझ्या धंद्यातल्या माणसाला या अहवालाचं कौतुक वाटतं. खरी चरबी अल्कलीबरोबर उकळली की तिचा साबण होतो. खनिज तेलाचा कधीच होत नाही, ते जसंच्या तसं वर उरतं. या एका कसोटीने साप बाटलीत आहे की नाही याचा बहुतेक निकाल लागतो. आणि मिरचीचा अर्क कशाला, तर चोळल्यावर कातडी तापते, 'लागू पडतंय' असं वाटतं. पृथक्करण इतकं स्वच्छ होतं, की उत्पादकाने आरोप लढवलाच नाही. दंड झाला २० डॉलर. ज्या धंद्याने देशभर नाव कमावलं होतं त्याला वीस डॉलर! दंडाचा आकडा पाहिला की कारवाया होऊनही धंदा का थांबत नव्हता, याचं अर्धं उत्तर मिळतं.

दुसरं प्रकरण 'बॅनबार'चं, १९३०च्या दशकातलं. मधुमेहावरचं हे औषध म्हणजे हॉर्सटेल या रानवनस्पतीचा अर्क. इन्सुलिन १९२२ पासून उपलब्ध होतं, त्यामुळे हा अर्क पिऊन इन्सुलिन सोडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सरकारी वकिलांनी विलक्षण पुरावा मांडला. उत्पादकाने मिरवलेली प्रशस्तिपत्रं एका बाजूला, आणि तीच पत्रं लिहिणाऱ्यांचे मृत्यूचे दाखले दुसऱ्या बाजूला. बरं वाटतंय म्हणून पत्र लिहिलेली माणसं मधुमेहानेच गेली होती. तरीही सरकार हरलं. आपल्या औषधावर उत्पादकाचा मनापासून विश्वास आहे असं ज्युरीला वाटलं, आणि मनापासून विश्वास असेल तर फसवण्याचा हेतू सिद्ध होत नाही. अडाणीपणा हाच बचाव ठरला. जितकं कमी माहीत, तितका माणूस सुरक्षित. औषधांच्या बाबतीत याहून उलटा न्याय मी पाहिलेला नाही.

घोड्यांच्या मालिशीतून निघालेल्या 'बी अँड एम' या बाहेरून लावायच्या औषधाची गोष्टही अशीच. टर्पेंटाइन, अमोनिया आणि अंडी यांचं ते मिश्रण क्षयावर चालतं असं सांगत. सरकार तो खटला १९३२ मध्ये जिंकलं खरं, पण त्यासाठी सुमारे दहा वर्षं झगडावं लागलं.

दरम्यान धंदेवाले लेबलं सुधारायला शिकले. 'बरा करते' गेलं, 'उपयुक्त' आलं. कायद्याच्या सुरुवातीच्या काळात 'अन्न व औषध कायद्याखाली हमी दिलेलं' असं अनुक्रमांकासह छापायची मुभा होती. ही हमी उत्पादकाने दुकानदाराला दिलेली असे, पण गिऱ्हाइकाला वाटे सरकारनेच शिक्का मारला. ती प्रथा पुढे बंद करावी लागली. सर्वात मोठी पळवाट मात्र जाहिरातीची होती. कायदा लेबलपुरता, आणि फार तर खोक्यातल्या चिठ्ठीपुरता. तोच दावा वर्तमानपत्रात किंवा रेडिओवर केला तर रसायन विभाग, जो १९३० पासून अन्न व औषध प्रशासन म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याचा हात तिथे पोचत नसे. तिथे व्यापारातली अनुचित स्पर्धा रोखणारं फेडरल ट्रेड कमिशन होतं, पण 'मार्मोला' या थायरॉइडयुक्त बारीक होण्याच्या गोळ्यांच्या प्रकरणात १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही अडवलं. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचं नुकसान दाखवा, म्हणाले. गिऱ्हाइकाचं नुकसान झालं एवढं पुरेसं नाही.

आता लेबल खरं असूनही काय होऊ शकतं ते पाहा. 'रेडिथॉर' हे रेडियम मिसळलेलं पाणी शक्तिवर्धक म्हणून विकलं जाई. त्यात रेडियम आहे असं लिहिलं होतं आणि खरोखरच होतं. रेडियमच्या नावाखाली साधं पाणी विकणाऱ्यांवर सरकार कारवाई करत होतं. यांच्यावर काय करणार? पिट्सबर्गचे उद्योगपती एबेन बायर्स वर्षानुवर्षं ते पीत राहिले, त्यांच्या जबड्याची हाडं झिजली, आणि १९३२ च्या मार्चमध्ये ते वारले.

आणि मग १९३७. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं नवं, खरंच गुणकारी औषध. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या मॅसेंगिल कंपनीने ते पातळ स्वरूपात आणलं, पण विरघळवलं डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवामध्ये. चव, वास, रंग तपासले. विषारीपणा तपासला नाही, आणि तो तपासण्याची कायद्याने सक्तीही नव्हती. शंभरहून अधिक माणसं दगावली, त्यात घशाच्या साध्या संसर्गासाठी औषध घेतलेली लहान मुलं होती. प्रशासनाचे जवळजवळ सगळे, २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ माल शोधायला निघाले. विक्रेत्यांच्या वह्या, डॉक्टरांच्या नोंदी, दुकानांतल्या चिठ्ठ्या बघत त्यांनी बाटली न् बाटली हुडकली. २४० गॅलनपैकी २३४ गॅलनच्या वर माल परत मिळवला.

पण जप्ती कोणत्या कलमाखाली? खोट्या लेबलच्या. औषधाचं नाव 'इलिक्सिर' होतं, आणि त्या नावाच्या औषधात अल्कोहोल अपेक्षित असतं. यात अल्कोहोल नव्हतं. तेवढाच गुन्हा. नावात 'सोल्यूशन' असतं तर सरकारला त्या बाटल्यांना हात लावायला आधारच नव्हता. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला, तोही लेबलबद्दल, मृत्यूंबद्दल नव्हे. हे प्रकरण मी नव्या निरीक्षकांना नेहमी सांगत आलो आहे, कारण निरीक्षकाची हुशारी आणि कायद्याचा दुबळेपणा दोन्ही एकाच जागी इतके उघडे क्वचित दिसतात.

सिनेटर रॉयल कोपलँड यांचं विधेयक कित्येक वर्षं रखडलं होतं. या मृत्यूंनंतर ते हललं. २५ जून १९३८ च्या कायद्याने हेतू सिद्ध करण्याची अट काढली: लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं आहे, एवढं पुरे. कार्यकारी घटकांची नावं, वापराच्या सूचना आणि धोक्याचे इशारे आवश्यक झाले. कोर्टाकडून उत्पादन-विक्रीवर मनाई हुकूम मिळवण्याची सोय झाली. नवीन औषध बाजारात येण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा उत्पादकाने द्यायचा, म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी इथे पहिल्यांदा पलटली. त्याच वर्षी जाहिरातींबाबत ट्रेड कमिशनचे हातही बळकट केले गेले. औषध वेगळ्या टपालाने आणि माहितीपत्रक वेगळ्या टपालाने पाठवण्याची युक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये कोर्डेल खटल्यात बंद केली. एकमेकांसाठी असतील तर ते लेबलच, असं ठरलं. आणि गुण येतो हेही विकण्याआधी सिद्ध करा, ही सक्ती यायला १९६२ उजाडलं.

तुम्हाला मूळ कागद पाहायचे असतील तर १९०८ पासूनच्या निकालांच्या छापील नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने संगणकावर ठेवल्या आहेत. वाचताना दावा आणि पृथक्करण यांवर न थांबता शेवटच्या दोन-तीन ओळी आधी पाहा. मालक हजर राहिला का, माल नष्ट झाला की हमीपत्रावर परत गेला, दंड किती, हे सगळं तिथे असतं. मग उत्पादकाचं नाव घेऊन पुढच्या वर्षांच्या नोंदी चाळा. तेच नाव, थोडं बदललेलं लेबल आणि पुन्हा तसाच किरकोळ दंड असं अनेकदा सापडेल. १९३८ च्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर आधीच्या आरोपपत्रांत 'खोटं आणि फसवणुकीच्या हेतूने' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, नंतरच्यांत ते नाहीसे होतात. तुमच्या प्रश्नाचा पुरावा तिथेच आहे.